दहाच्या खाली न्हाय

मुरुमहून येणेगूरकडं निघालं की डाव्या हाताला एक उंच, बिनखिडक्यांची इमारत लागते. नवख्या माणसाला ते गोदाम वाटतं, पण ते कोल्ड स्टोरेज. चांगले दिवस होते तेव्हा आत बेदाणा, चिंच, मिरची असा माल थप्प्या लावून ठेवलेला असायचा. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसएक बायका बेदाणा निवडत बसायच्या, आणि मागच्या खोलीत शिवलिंगप्पा कंप्रेसर चालवायचा. सव्वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. चेंबरचं जाडजूड दार उघडून नुसतं तोंड आत घातलं की तो सांगायचा, "साडेतीन हाय. सकाळपास्नं अर्धा डिग्री चढलंय." मग कुणीतरी हौसेनं थर्मामीटर बघायचं, आणि काटा साडेतीनवरच असायचा.

पुढं आसपासच्या द्राक्षबागा मोडल्या. राहिलेला माल मोठ्या शहरांतल्या मोठ्या स्टोरेजांकडं जाऊ लागला. म्हातारे मालक गेले आणि त्यांच्या मुलांनी इमारतीला कुलूप लावलं. बायका शेतात रोजानं जायला लागल्या. शिवलिंगप्पाला मात्र शेडलगतची खोली राहायला देऊन राखणीला ठेवून घेतलं, कारण कंप्रेसरला हात लावणारा दुसरा कुणी नव्हता आणि ते यंत्र गंजू द्यायचं मुलांच्या जिवावर आलं होतं.

त्याच सुमाराला त्याची बायको तुळजाबाई पुण्याला गेली. श्रीनाथच्या, म्हणजे मुलाच्या घरी पाळणा हलणार होता. तीन महिने राहून येते म्हणाली होती. नात झाली, तिचं नाव आरोही ठेवलं, सून पुन्हा नोकरीवर रुजू झाली, आणि तीन महिन्यांची चार वर्षं झाली. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलात का?"

"व्हय, जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

तेवढ्यात मागं नात रडायची, नाहीतर कुकरची शिट्टी व्हायची. तुळजाबाई म्हणायची, "ठेवते बघा," आणि फोन बंद. शिवलिंगप्पा मग शेडच्या पायरीवर बसून राहायचा. रस्त्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जायचे. कुणी ओळखीचं असलं तर हात करायचं. कधी कधी सबंध दिवसात त्याच्या तोंडून तेवढे तीन-चारच शब्द निघालेले असायचे.

असं चाललेलं असताना, एका नोव्हेंबरात, सोलापूरकडचे प्रेमशेठ जीप घेऊन आले. चाळिशीचा, गोरटेला, घाईतला माणूस. त्यांनी मालकाच्या मुलांकडून दोन नंबरचं चेंबर भाड्यानं घेतलं होतं. आठवड्यानं एक टेम्पो आला. त्यातनं खोकी उतरली, आणि खोक्यांमागनं पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी उतरली. पंचवीस-सव्वीसची असेल. येऊन सरळ त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामा, कंप्रेसर तुम्हीच चालवता ना? मी करिश्मा. मशिनी बसवायला आले आहे."

ती येरमाळ्याची होती. पुण्यात शिकली, तिथंच प्रेमशेठच्या कंपनीत लागली. पंधरा दिवस ती मुरुममध्ये एका ओळखीच्या घरी राहिली आणि दिवसभर चेंबरमध्ये लोखंडी रॅकवर मशिनी चढवत होती. बुटाच्या खोक्याएवढं एकेक मशीन, पुढं-मागं पंखा. अशी चाळीस. दुपारी ती शेडमध्ये येऊन बसायची आणि शिवलिंगप्पानं केलेली ज्वारीची भाकरी आणि पेंडपाल्याचं कालवण खायची.

"हे पिकवतं तरी काय?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

करिश्मा हसली. "गणितं सोडवतं, मामा. दिवसरात्र. जगभरात अशी लाखो मशिनी एकच गणित सोडवायला पळत असतात. ज्याला आधी सुटेल त्याला बक्षीस म्हणून नाणं मिळतं. नाणं म्हणजे हातात घ्यायचं नाही, नुसती नोंद. क्रिप्टो म्हणतात."

"आणि त्याला कोल्ड स्टोरेज कशाला?"

"गणितं करताना तापतात. एकेक मशीन तुमच्या तीन इस्त्र्यांएवढं तापतं."

चाळीस मशिनी, तीन-तीन इस्त्र्या. शिवलिंगप्पानं मनात आकडा धरला. कोल्ड स्टोरेजच्या भिंती म्हणजे आतून वीतभर थर्माकोल. थंडी बाहेर जाऊ देत नाहीत तशी आगही जाऊ देणार नाहीत. पंखे बंद पडले तर चेंबरची भट्टी व्हायला अर्धा तास पुरे.

"मग भिंतीला झडपा पाडा," तो म्हणाला. "खालनं भाईरची हवा आत घ्या, वरनं गरम हवा भाईर सोडा. थंडीचे चार म्हयने कंप्रेसर लावायलाच नको. आपल्याकडं पहाटं हवा बारा-तेरावर येती. दुपारी लागंल तेवढंच लावू."

करिश्मानं वही काढून ते लिहून घेतलं. त्याचं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलंय असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. मग तिनं तिचं सांगितलं. मशीनमध्ये जाणारी हवा पाच डिग्रीच्या वर आणि चाळीसच्या खाली हवी, असं बनवणाऱ्यांनी पुस्तकात दिलंय. बरं म्हणजे दहा ते तीस.

"आणि दमट?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"पोरी, थंडगार बेदाण्याचं खोकं एकदम भाईर काढलं तर काय होतं? घाम येतो. पार चिकट होतो माल. थंड वस्तूवर दमट गरम हवा आली की पाणी सुटणारच. तुमचं मशीन चालू हाय तवर गरम राहील, त्याला न्हाय यायचा घाम. पण बंद पडून गार झालं, आणि मग कुणी दार उघडलं तर?"

तेही तिनं लिहून घेतलं, आणि झडपाही पाडून घेतल्या. जाताना तिनं चेंबरच्या भिंतीला एक पांढरी डबी लावली. तिच्यात सिमकार्ड होतं, स्वतःची बॅटरी होती, आणि ती दर मिनिटाला चेंबरची उष्णता आणि हवेतला ओलावा पुण्याला कळवायची.

"आता मी तिकडनं बघत राहीन," ती म्हणाली, आणि दुपारच्या गाडीनं गेली.

मशिनी सुरू झाल्या तसा चेंबरमध्ये असा काही घोंगाट भरला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. शिवलिंगप्पा कानात कापसाचे बोळे घालून दिवसातनं चारदा आत जायचा. जाळ्या झाडायचा, झडपा कमीजास्त करायचा, हवेत हात धरून बघायचा. बाहेर आला की इतकं शांत वाटायचं की कानात नुसती शिट्टी वाजत राहायची.

एके दिवशी तो आत जाऊन आला आणि पायरीवर टेकतोय तोच फोन वाजला.

"मामा, आत्ता आत गेला होतात ना?" करिश्मा विचारत होती.

"तुला कसं कळलं?"

"दार उघडलं की इथं पडद्यावरची रेघ जराशी हलते. अर्धा डिग्री. मग तुम्ही दार लावलं की परत जागेवर येते. सकाळी सातला, अकराला, तीनला आणि सहाला. आज अकराच्या फेरीला तुम्हाला उशीर झाला, म्हटलं बरे आहात ना?"

सातच्या फेरीनंतर कंबर धरली म्हणून शिवलिंगप्पा खरंच आडवा झाला होता. मुरुममध्ये कुणाला ते कळलं नव्हतं, पुण्यात त्याच्या घरात कुणाला कळलं नव्हतं, आणि पुण्यातच कुठंतरी पडद्यासमोर बसलेल्या या मुलीला कळलं होतं.

"बरा हाय," तो म्हणाला. "कंबर जरा धरली."

तेव्हापासून अकराच्या फेरीनंतर तिचा फोन यायला लागला. बोलणं मशिनींचंच असायचं. तिसऱ्या रांगेतलं सातवं जास्त तापतंय, जाळी बघा. आज ओलावा वाढलाय, ढग आलेत का? व्हय, आलेत. पण त्यात हळूहळू बाकीचंही यायला लागलं. काय जेवलात. कडाकण्या कशा करतात. तिकडं पुण्यात तिच्या खोलीत आणखी दोघी राहायच्या, पण तिघींच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळं एकमेकींची तोंडंही दिसायची नाहीत. फ्रिजवर चिठ्ठ्या लावून बोलायच्या. "दूध संपलंय," एवढंच.

शिवलिंगप्पा अकराच्या फेरीला आता साडेदहापासूनच तयार व्हायला लागला. अंगातला सदरा बदलायचा. फोनवर सदरा दिसत नाही हे त्याला कळत होतं, तरी बदलायचा.

जानेवारीत प्रेमशेठ पुन्हा आले. चेंबरच्या दारावरचा तापमानाचा आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सोळा? अहो, हे कोल्ड स्टोरेज आहे ना? मी थंडीसाठी भाडं भरतो. दोनवर आणा."

"शेठ, दोनवर काय फायदा न्हाय. सोळाला मशिनी खुश हायेत."

"जेवढं थंड तेवढं मशीन जोरात पळतं. परदेशात बर्फात ठेवतात लोक."

"तिथली थंडी कोरडी असंल. आन् शेठ, दोनवर असताना लाईट गेली तर मशीन गार पडंल. मग वरनं दमट हवा लागली की..."

"लाईट जाईल की नाही हे तुम्ही का ठरवता? करिश्माला मी सांगतो. तुम्ही कंप्रेसर लावा."

करिश्मानंही फोनवर त्यांना पुस्तकातला पाचचा आकडा सांगितला असणार, कारण जीपजवळ उभे राहून शेठ बराच वेळ चढ्या आवाजात बोलत होते. मग हात हलवून निघून गेले. शिवलिंगप्पानं झडपा बंद केल्या आणि कंप्रेसर लावला. नोकरी ती नोकरी. दुसऱ्या दिवशी चेंबर तीनवर आलं, आणि तिथंच राहिलं. आत गेलं की पुढून थंड वारा अंगाला चावायचा आणि मागून मशिनींची झळ यायची.

नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी सकाळी अवकाळी आला. गारा नव्हत्या, पण वारा असा की शेडचे पत्रे धडधडायला लागले. सव्वासातला लाईट गेली. कंप्रेसर थांबला, आणि चेंबरमधला घोंगाट हळूहळू खाली येत पूर्ण बंद झाला. इतक्या दिवसांनी ती इमारत गप्प झाली.

त्यानं वायरमनला फोन लावला. रस्त्याकडेचं बाभळीचं झाड तारांवर आडवं झालं होतं. दोन-तीन तास लागतील म्हणाला. शिवलिंगप्पानं मनाशी ठरवलं, दार उघडायचंच नाही. आतली थंड हवा आतच राहू दे, म्हणजे पाणी सुटणार नाही. तो दाराबाहेर स्टूल टाकून बसला, जसा एखादा आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसतो.

नऊच्या सुमाराला फोन आला. करिश्मा घाबरलेली होती.

"मामा, दार उघडलंय का? ओलावा एकदम चढतोय. चेंबर चारवरनं सातवर गेलंय."

"न्हाय, म्या इथंच बसलोय."

म्हणता म्हणता तो उठला आणि इमारतीला वळसा घालून मागं पळाला. पश्चिमेच्या दोन झडपा वाऱ्यानं उखडून बिजागरीवर लोंबत होत्या. पावसाळी हवा सरळ आत घुसत होती. त्यानं पोती कोंबून, फळ्या ठोकून त्या बंद केल्या, मग बॅटरी घेऊन दारातनं आत शिरला.

चाळीसच्या चाळीस मशिनींना घाम फुटला होता. पत्र्यावर थेंब, पंख्यांच्या पात्यांवर थेंब, वायरींवरनं ओघळ. बॅटरीच्या उजेडात सगळं चमकत होतं. एखाद्याला सुंदरही वाटलं असतं. शिवलिंगप्पाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट आली, की लाईट आली की या मशिनी आपोआप सुरू होतात. तशीच त्यांची मांडणी होती.

तो धावत मशिनींच्या मेन स्विचकडं गेला, दांडा खाली ओढला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. त्यानंतर दहा मिनिटांत लाईट आली. रस्त्यापलीकडच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला.

मग शेठचा फोन आला.

"लाईट येऊन अर्धा तास झाला. मशिनी बंद का आहेत?"

"शेठ, सगळ्यांस्नी पाणी सुटलंय. वाळल्याबिगर चालू करता येत न्हाय."

"किती वेळ?"

"उद्या दुपारपोत्तर."

"उद्या? वेड लागलंय का? पुसून घ्या आणि चालू करा."

"भाईरनं पुसता येईल. आतलं पाणी कोण पुसणार?"

"शिवलिंगप्पा, तुम्ही कंप्रेसर चालवणारे. मशीनचं तुम्हाला काय कळतं? एक तरी चालू करून दाखवा. माझी जबाबदारी."

शिवलिंगप्पा म्हणाला, "एकच करतो. तुमी म्हणताय म्हणून."

त्यानं दाराजवळचं मशीन रॅकवरून काढलं. फडक्यानं नीट पुसलं, बाहेर शेडमध्ये आणलं आणि वेगळ्या तारेवर जोडलं. फोन शेजारी फरशीवर ठेवला, शेठना ऐकू यावं म्हणून. बटण दाबलं. पंखा एकदा गरगरला, आत फट्ट असा आवाज झाला, आणि जाळीतनं निळसर धूर आला. जळक्या वार्निशासारखा वास सुटला. त्यानं तार ओढून काढली.

"ऐकलं का, शेठ?"

पलीकडनं फोन कट झाला.

लगेच करिश्माचा आला. तिचा आवाज बारीक झाला होता. "मामा, शेठ मला म्हणत होते की तुम्हाला मीच चालू करायला सांगावं. माझ्याच्यानं झालं नाही. मी नुसती बसून राहिले."

"बरं केलंस. आता असं कर, मला ती डबी काय म्हणती ते सांगत राहा. म्या चेंबर तापवतो."

शेडच्या माळ्यावर बेदाणा निवडायच्या वेळचे आठ हॅलोजन दिवे धूळ खात पडले होते. बायका संध्याकाळी त्यांच्या उजेडात बसायच्या आणि उन्हाळ्यात गरम होतं म्हणून कटकट करायच्या. त्यानं एकेक खाली उतरवला, पुसला, वायरी तपासल्या, आणि चेंबरमध्ये रांगांच्या मधोमध मशिनींपासून लांब उभे केले. शेजारी दोन टेबलपंखे. वरची झडप जराशी उघडी, ओली हवा जायला. गडबड करायची नव्हती. हळूहळू चढवायचं, तासाला अर्धा-पाऊण डिग्री. सव्वीस वर्षं त्यानं उष्णता खाली आणायचं काम केलं होतं. वर चढवायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"आठ," करिश्मा सांगायची. "ओलावा अजून नव्वद."

दुपारनंतर पाऊस थांबला. शिवलिंगप्पा दाराशी बसून होता. फोन चार्जिंगला लावून स्टुलावर ठेवला होता आणि तो चालूच होता. कुणीच तो बंद केला नव्हता. तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू यायची, तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा.

"मामा," ती एकदा म्हणाली, "तुम्ही तिथं एकटेच असता ना? काकू?"

"पुण्याला असती. पोराकडं. नातीला सांभाळती."

"पुण्यात? कुठं?"

"हडपसरकडं. म्या दोनदा गेलो. नवव्या मजल्यावर हाय घर. गॅलरीत उभं राहिलं की नुसत्या दुसऱ्या गॅलऱ्या दिसतात. सगळी भली माणसं, पण सगळ्यांस्नी कामं. म्या तिथं बसून काय करू?"

"मी इथं पाच वर्षं आहे," करिश्मा म्हणाली. "आई येरमाळ्यात. तिला वाटतं, पोरगी पुण्यात मजेत आहे. मी पण तसंच सांगते. खरं म्हणजे दिवसात तुमच्याशी बोलते तेवढंच कुणाशी तरी धड बोलते." मग गडबडीनं म्हणाली, "बारा डिग्री झालं. ओलावा सत्तर."

"हळू चढू दे," शिवलिंगप्पा म्हणाला. मग उठून वरची झडप बघून आला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला चेंबर बावीसवर होतं आणि ओलावा चाळिसावर. त्यानं प्रत्येक मशीनच्या जाळीशी नाक नेऊन वास घेतला, हात लावून बघितलं. मग एक रांग चालू केली. पंधरा मिनिटं थांबून दुसरी. मग तिसरी, मग चौथी. एकोणचाळीस मशिनी चालू झाल्या. चेंबर पुन्हा घोंगावायला लागलं.

शेठनी आभार मानले नाहीत. पण आठ दिवसांनी करिश्माकडनं एक छापील कागद आला, दारावर लावायला. त्यावर लिहिलं होतं, चेंबरचं तापमान दहाच्या खाली आणि तीसच्या वर जाऊ देऊ नये, लाईट गेल्यास मेन स्विच खाली ओढावा, ओलावा तपासल्याशिवाय मशीन चालू करू नये. शिवलिंगप्पानं तो कागद वाचला आणि खिळ्यानं दाराला ठोकला. कुणाचं नाव त्यावर नव्हतं.

फेब्रुवारी बरा गेला. मार्च लागला तसं ऊन चढलं, आणि कंप्रेसर दिवसभर चालवूनही चेंबर तिसाच्या खाली राहीना. शेठनी निर्णय घेतला. उत्तरेकडं डोंगरात कुणाचं तरी जुनं शाळेसारखं घर मिळालं होतं, तिथं बाराही महिने गारवा. मशिनी तिकडं न्यायच्या.

ट्रक भरायच्या दिवशी शेठ स्वतः आले. जळक्या मशीनपासून त्यांचं बोलणं जरा मऊ झालं होतं.

"शिवलिंगप्पा, तुम्ही चला तिकडं. राहायची सोय करतो. तुमच्यासारखा माणूस मला मिळायचा नाही."

"शेठ, तिथं थंडी आधीपास्नंच हाय. माझं काय काम?"

"अहो, लक्ष ठेवायला."

"लक्ष कुणीबी ठेवंल." तो हसला. "म्या थंडी करणारा माणूस."

ट्रक गेला. दोन नंबरचं चेंबर रिकामं झालं. भिंतीवरची डबीही करिश्माच्या ऑफिसनं मागवून घेतली. मशिनींच्या निमित्तानं तिचा शेवटचा फोन आला, तो तिच्या नोकरीचा. तिकडच्या डोंगरातल्या कामासाठी शेठनी तिकडचीच माणसं घेतली होती, आणि तिला महिन्याची सूचना दिली होती. "बघते मामा दुसरीकडं," ती म्हणाली. त्यानंतर चार-पाच दिवस अकराला फोन आला. मग एक दिवसाआड. कशाबद्दल बोलायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. "ऊन कसं आहे?" "हाय." "बरं आहे ना सगळं?" "बरं हाय." मग फोन यायचा थांबला.

तो स्वतः फोन करू शकला असता. दोनदा त्यानं नंबर काढला आणि ठेवून दिला. वयात आलेल्या, परक्या घरच्या पोरीला कशासाठी फोन करायचा? काय सांगायचं तिला?

चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. यात्रा उरकल्यावर चार दिवसांनी करिश्माच्या आईचा, गजराबाईंचा फोन आला. "लेक आली हाय. तुमचं लई नाव घेती. एकदा या की आमच्याकडं." शिवलिंगप्पानं मुरुमच्या बाजारातून फरसाणाचा पुडा आणि मोसंब्या घेतल्या आणि एसटीनं निघाला. धाराशिवला गाडी बदलली.

घर बाजारपेठेच्या मागं होतं. गजराबाईंनी पुरणपोळी केली होती. करिश्मा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक दिसत होती. कितीतरी महिने तो नुसता तिचा आवाज ऐकत होता, आणि आता समोर ती बसली तर कुठं बघावं कळेना. तिचंही तसंच झालं असणार. ती सारखी उठून पाणी आणत होती. गजराबाई एकट्याच बोलत राहिल्या, पावसाचं, सोयऱ्यांचं, यात्रेतल्या गर्दीचं. जेवण झालं. पान झालं. दोन वाजले.

"निघतो मग," शिवलिंगप्पा म्हणाला.

करिश्मा त्याला हमरस्त्यापर्यंत सोडायला आली. दोघं एका चहाच्या टपरीच्या सावलीत उभे राहिले. गाडीला वेळ होता. तेवढ्यात तिनं सांगितलं की हैदराबादला एका ठिकाणी तिला बोलावणं आलंय. पुढच्या आठवड्यात जाईल.

"आणि तुम्ही, मामा?"

"उमरग्याच्या डेअरीत दूध गार करायची टाकी हाय. सकाळचे चार तास ये म्हणतायत."

"आणि मग दिवसभर?"

त्यानं टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.

"काकूंना कधी म्हणालात का, की इकडं ये?"

"तिला कसं म्हणणार? लेकराचं कोण करंल?"

"ते त्या बघतील. तुम्ही म्हणालात का, एवढंच विचारते."

शिवलिंगप्पानं मान हलवली. नाही.

गाडी आली. त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. करिश्मानं खालनं हात केला, त्यानंही केला, आणि गाडी सुटली. तो धाराशिवपर्यंत तसाच बसून होता. स्टँडवर दुसरी गाडी लागायला अर्धा तास होता. त्यानं फोन काढला आणि घड्याळात चार वाजलेले असताना, म्हणजे कधी नव्हे त्या वेळी, तुळजाबाईला लावला.

"काय झालं?" तिनं पहिल्याच शब्दात विचारलं. "बरे हाव न्हवं?"

"बरा हाय. काय झालं न्हाय."

"मग?"

शेजारच्या बाकावर कुणी तरी मक्याचं कणीस सोलत होतं. शिवलिंगप्पानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"तुळजे, मला तिथं एकट्याला करमत न्हाय," तो म्हणाला.

पलीकडं आज कुकर नव्हता, नात नव्हती. तुळजाबाई म्हणाली,

"चार वर्षांत तुमी कधी म्हणालाच न्हाईत."

वैशाखात ती आली. आरोहीला घेऊन आली, सुनेनं पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं, त्यात आणखी आठ दिवस वाढले. चार वर्षांची ती पोर शेडमध्ये दिवसभर उड्या मारायची, आणि तुळजाबाई चुलीपुढं बसून इतकं बोलायची की शिवलिंगप्पाला डेअरीतनं यायला उशीर झाला तरी ती त्याच्याही वाटचं बोलून ठेवायची. मग श्रीनाथ गाडी घेऊन आला आणि दोघींना घेऊन गेला. पोरीची शाळा सुरू होणार होती. जाताना तुळजाबाईनं दसऱ्याला नक्की येते म्हटलं.

गाडी येणेगूरच्या फाट्याकडं वळेपर्यंत शिवलिंगप्पा रस्त्यावर उभा होता. मग तो आत आला. चुलीत अजून विस्तव होता. त्यानं त्यावर चहाचं भांडं ठेवलं, आणि सवयीनं त्यात दोघांच्या चहाचं पाणी पडलं, ते तसंच राहू दिलं.